खरं सांगणाऱ्यांची यादी

वनमाला तावडे बावीस वर्षं मरोळच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्या तपासत होती. कारखाना गुजरातला गेला तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. नवरा आधीच गेलेला, मुलगी ऋतिका कॉलेजात. आठ महिने घरी बसल्यावर तिला पालिकेच्या सर्वेक्षणाचं कंत्राटी काम मिळालं. शहरातून किती कार्बन हवेत जातो, तो कुठल्या भट्टीतून, कुठल्या जनरेटरमधून, याची दारोदार फिरून माहिती घ्यायची आणि मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायची.

प्रशिक्षण देणारा केयूर तिशीतला, गोड बोलणारा. तो म्हणाला, "लोकांना सांगा, तुमचं नाव कुठेही जात नाही. आपल्याला फक्त आकडा हवाय."

वनमालानं ते मनापासून मानलं.

मरोळ नाक्याजवळच्या नव्या टॉवरमध्ये तीन मोठे डिझेल जनरेटर होते. वॉचमननं तिला चार दिवस गेटवरच उभं केलं. शेवटी सेक्रेटरीनं फोनवरून सांगितलं, "लेखी पत्र आणा, मग बघू." पत्र दिलं, उत्तर आलं नाही. आजूबाजूच्या पाच टॉवरची तीच गत. फॉर्मवर तिनं टाकलं, 'माहिती उपलब्ध नाही'.

मागच्या गल्लीत भीमराजची बेकरी होती. त्यानं तिला आत बोलावलं. त्याची बायको प्रेमा पावाचे ट्रे पुसत बसली होती, तिनं चहा आणला.

"लाकूड किती लागतं, दादा?"

"कोण मोजतंय, ताई? मोडकं फर्निचर, खोक्यांच्या फळ्या... येईल ते टाकतो."

दुसऱ्या दिवशी वनमाला घरून हुकाचा काटा घेऊन आली. सलग तीन दिवस पहाटे तिनं एकेक मोळी स्वतः तोलली. दिवसाची सरासरी निघाली एकशे शहाऐंशी किलो. भीमराज बघत राहिला. मग थोडा कचरत म्हणाला, "याचं मला काय होणार नाही ना?"

"नाही हो. यात नाव नसतं."

त्या वॉर्डातला सगळ्यात अचूक आकडा तिचा होता. केयूरनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तसं सांगितलं, आणि त्या दिवशी ती ऋतिकासाठी आइस्क्रीम घेऊन घरी गेली.

दीड वर्षानं भीमराजच्या दारावर पालिकेची नोटीस लागली. सहा महिन्यांत भट्टी गॅसवर किंवा विजेवर न्या, नाहीतर बंद करा. त्या गल्लीत गॅसची पाइपलाइन नव्हती, आणि गाळ्याला तेवढी वीज मंजूर होत नव्हती. भट्टी विझली. सहा कामगार गावाला गेले. भीमराज भिवंडीच्या एका मोठ्या बेकरीत पोती उचलायला लागला.

वनमालाला कळलं तेव्हा ती धावतच गेली. प्रेमानं दार अर्धंच उघडलं.

"माझ्या हातचा चहा प्यायलात ना तुम्ही?" एवढंच ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

वनमाला तशीच केयूरच्या ऑफिसात गेली. "सर, तुम्ही म्हणालात नाव जात नाही."

"नाव गेलंच नाही, ताई. पण फॉर्म भरताना मोबाइल जागा टिपतो ना. ती यादीत असते."

"मग टॉवरला नोटीस का नाही?"

केयूरनं कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. नकाशावर भीमराजची गल्ली लालभडक होती. टॉवरच्या जागा हिरव्या होत्या.

"जिथे माहिती नाही, तिथे शून्य धरलंय."

"शून्य? अहो, दिवे गेले की त्यांचा धूर आमच्या खिडकीत येतो!"

"मान्य आहे ना मला. पण आपण काहीतरी अंदाजानं टाकलं, तर ते उद्या कोर्टात जातील." त्यानं डोळे चोळले. "मी तरी काय करू, ताई?"

दुसऱ्या फेरीला तिला पुन्हा बोलावणं आलं. ऋतिकाचं शेवटचं वर्ष होतं, नाही म्हणणं शक्य नव्हतं. पण आता ती प्रत्येक दारात आधी सांगायची, "नाव जात नाही, पण जागा जाते. बघा, सांगायचं तर सांगा."

लॉन्ड्रीवाल्यानं हात जोडले. फरसाणवाल्यानं शटर खाली ओढलं. त्यांना खोटं सांगून माहिती काढणं तिला जमेना, आणि मनानं आकडा टाकणंही जमेना. महिनाअखेर तिचे बहुतेक फॉर्म कोरे होते. केयूरनं फोन केला. आवाज नरम होता, पण काम गेलंच.

नवा अहवाल आला. वनमालाच्या वॉर्डातला कार्बन निम्म्याहून खाली आला होता. अधिकाऱ्यांनी त्याबद्दल टाळ्या वाजवल्याचा फोटो ऋतिकानं तिला मोबाइलवर दाखवला. वनमालानं तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. एकही चेहरा ओळखीचा नव्हता.

आता ती पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिथला पाव भिवंडीहून डिझेलच्या टेम्पोतून येतो, ट्रॅफिक असला की तीन-तीन तास. तो धूर कुणाच्या फॉर्मवर चढतो, हे ती आता कुणाला विचारत नाही.