गुडघ्यापासून वर

डहाणू रोडला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. दोन बोटांनी समोरच्याची हनुवटी उचलतो, "हसा ने जरा," म्हणतो आणि आपण हसायच्या आत बटण दाबतो. हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीचा फोटो त्यानेच काढला. मी गाऊनमध्ये, शेजारी बाबांच्या हातात कोयता. बाबा कारखान्यात कामाला. कोयता त्याने स्टुडिओतून काढून दिला होता.

परवा तलासरीला माझ्या मामेबहिणीचा सत्कार झाला. परदेशात, आंतरराष्ट्रीय इनडोअर स्पर्धेत ती धावून आली होती. हा फोटोवाला कॅमेरा घेऊन हजर.

"बूट काढ ना, पोरी. अनवाणी आदिवासी मुलगी म्हटलं की पेपरात लगेच घेतात."

"काका, तिथे मी बूट घालूनच धावले."

"ते इथे कोणाला ठाऊक?"

"म्हणून तर बुटांसकट काढा."

सगळे हसले, तोही हसला. काढला फोटो.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो आला, गुडघ्यापासून वर. खाली त्यानेच कळवलेली ओळ: 'अनवाणी पोरीची झेप'.

मी भिंतीवरचा माझा फोटो उतरवला.

"का गं काढलास?" बाबांनी विचारलं.

"त्याचा कोयता त्याला परत करायचाय."