बापाच्या खांद्यावरच्या रिकिबी

माझा बाप कोलशेतच्या खाडीत मासे मारी. ओहोटीला होडी काठापर्यंत येत नसे, मग मिठागरावरच्या कारकुनाला तो चिखलातून पाठीवर घेऊन काठावर आणी. कारकून कल्याणहून येई. बापाच्या बरगड्यांत टाच मारून म्हणे, "चल घोड्या!" काठावरचे लोक हसत. बापही हसे. ते हसणं मला सोसत नसे.

मी कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिलाच. सुट्टीत घरी आलो तेव्हा कारकुनाने नवी टूम काढली होती. बापाच्या खांद्यावर चामड्याचा पट्टा, त्याला पाय अडकवायला घोड्याच्या खोगिरासारख्या दोन रिकिबी, म्हणजे आपले पाय लोंबकळणार नाहीत. मोच्याने नकार दिला होता. "मी घोड्याच्या शिवतो, माणसाच्या नाही," म्हणाला. तेव्हा कारकुनाने चामडं आमच्या ओट्यावर टाकलं.

"तुझा पोरगा शिकलाय ना? शिवू दे त्याला."

मला राग आला, पण मी "शिवतो" म्हणालो.

मोची मेण लावलेला दोरा वापरतो. मी जाळ्याची तागाची दोरी घेतली. जाळ्यासाठी आम्ही ती आधी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळतो. न उकळलेली दोरी भिजली की आकसते. मी कोरी घेतली. पट्टा शिवला आणि जाळ्याचं तोंड आवळायला ओवतात तशी तीच दोरी रिकिबींच्या कडेतून फिरवली. बापाने पाहिलं.

"पोरा, ही दोरी कोरी हाय."

"असू दे, बाबा."

त्याने पट्टा उचलून खांद्यावर घालून पाहिला.

कारकून आला त्या दिवशी होडी मी हाकत होतो. ती नेहमीपेक्षा काठापासून लांबच थांबवली. बाप कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, कारकून पाठीवर बसला आणि त्याने बूट रिकिबीत घातले. बूट पाण्यात बुडाले.

"अरे, बूट भिजले! लवकर चल!"

"चिखल लई हाय, रावसाहेब," बाप म्हणाला आणि हळूहळू चालला.

काठाशी बाप खाली बसला. कारकुनाचे पाय निघेनात. त्याने हिसका दिला तसा बाप डोलला. मासळी निवडणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"अगो, घोड्यानंच सायबाला धरलंय!" एक ओरडली.

"काप! दोरी काप!" कारकून माझ्यावर खेकसला.

"कोयता घरी आहे," मी म्हणालो. कोयता होडीत माझ्या पायाशी होता.

बापाने माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, वळला आणि पुन्हा चिखलात शिरला.

"कुठे नेतोस मला?"

"होडीत सोडतो, रावसाहेब. कल्याणला जाऊन कापून घ्या."

कारकुनाने धडपडून पाय बुटांतून उपसले आणि तो पाठीवरून थेट चिखलात पडला. तिथे कालवांच्या धारदार शिंपल्या असतात. तो अनवाणी, वेडावाकडा नाचत काठावर गेला.

मला वाईट वाटलं, असं इथे लिहायला हवं कदाचित. पण वाटलं नाही. अजून वाटत नाही.

त्यानंतर कारकून भरतीलाच येऊ लागला. होडी काठाला लागे, तो स्वतः उतरे. पट्टा बापाने माशांच्या टोपल्या वाहायला ठेवला. रिकिबींत अडकलेले बूट मात्र त्याने काढले नाहीत. टोपली उचलली की ते त्याच्या कमरेशी हलत. कारकून समोर असला, की बाप मुद्दाम सावकाश चाले.