सुरतेचं बोलावणं

आमच्या ड्रिलच्या बाईंनी उभ्या जन्मात कुठलीही वस्तू कुणाच्या हातात नीट दिली असेल, यावर माझा विश्वास नाही. त्या फेकत. खडू फेकत, किल्ल्यांचा जुडगा फेकत, जेवताना कुणी मीठ मागितलं तर मिठाची पुडी पंगतीच्या या टोकावरून त्या टोकाला फेकत. एकदा तापानं पडलेल्या मुलीला त्यांनी औषधाची बाटली दारातूनच फेकली, आणि तिनं ती अंथरुणात उठून बसत झेलली तेव्हा हिचा ताप उतरला, असं जाहीर करून बाई निघून गेल्या. बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं ही शिक्षाच असे. वांगी पारखायची, नको असलेलं वांगं चार पावलं मागं सरून भाजीवालीच्या टोपलीत टाकायचं, आणि ते बरोबर पडलं की तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघत राहायचं. एकदा नेम चुकला आणि वांगं शेजारी मिरच्यांचा भाव करणाऱ्या तलाठ्याच्या टोपीवर बसलं. बाईंनी माफी मागितली, पण ती भाजीवालीची. टोपली जागची हलली नव्हती, चूक सगळी आपल्या मनगटाची, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तलाठी टोपी झटकत उभाच होता.

ही लढाईच्या दिवसांतली गोष्ट. नंदुरबारला बायकांचं एक लहानसं ट्रेनिंग कॉलेज होतं. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या आणि मास्तरीण होऊ बघणाऱ्या आम्ही तिथं राहून शिकत असू. एक कौलारू इमारत, मागं वसतिगृह, त्यामागं विहीर आणि विहिरीलगत एक सपाट मैदान, एवढाच सगळा पसारा. मुलींत कुणी तापीकाठच्या बऱ्या शेतकरी घरांतल्या होत्या, कुणी चिंचपाड्याकडून आलेल्या आणि घरी डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या होत्या, आणि बऱ्याचजणी लहानपणीच कपाळ पुसलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. शिकली तर स्वतःचं पोट तरी भरील, म्हणून घरच्यांनी त्यांना पाठवलेलं. मी खांडबाऱ्याची, स्टेशनाजवळच्या किराणा दुकानदाराची मुलगी. पहिल्या दिवशी मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच पांढऱ्या लुगड्याचा घट्ट काष्टा मारलेल्या एका उंच बाईंनी माझ्या दिशेनं लिंबू फेकलं. मी वाकले, लिंबू भिंतीवर फुटलं. "बघून तरी वाकलीस," बाई म्हणाल्या, "उद्यापासून संध्याकाळी मैदानावर ये." नव्या आलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला असंच एकेक लिंबू आलं होतं, आणि आमच्या बास्केटबॉलच्या संघाची निवड झाली ती अशी.

बाई येण्याआधी कॉलेजात हा खेळ नव्हता असं नाही. दोन खांबांना वेळूच्या दोन टोपल्या बांधलेल्या होत्या आणि मुली त्याला टोपलीचा खेळ म्हणत. पण टोपल्यांना बूड होतं. चेंडू आत पडला की खेळ थांबवून कोठारातली शिडी आणायची, आणि जिनं चेंडू टाकला तिनंच ती आणायची असा नियम होता. शिडी भलतीच जड असल्यामुळे मुली टोपलीच्या आसपास नेम धरत आणि आत जाणार नाही याची काळजी घेत. बाईंनी आल्याच्या आठवड्यात विळ्यानं दोन्ही टोपल्यांची बुडं कापून टाकली. स्वयंपाकीणबाई हळहळल्या, कारण त्यातली एक टोपली त्यांची भाकऱ्यांची होती. मग चेंडूला दर शनिवारी एरंडेल चोळणं सुरू झालं, थंडीत त्याला वाकळेत गुंडाळून निजवणं सुरू झालं, आणि मैदान आम्हीच शेणानं सारवू लागलो. सारवण्यानं खांदे मोकळे होतात असं बाईंचं म्हणणं होतं. बाईमाणसानं शिट्टी वाजवलेली मोठ्या बाईंना खपेना, तेव्हा आमच्या बाईंनी भजनाच्या पेटाऱ्यातले टाळ काढले. एक टाळ म्हणजे खेळ सुरू, दोन टाळ म्हणजे बंद. रस्त्यानं जाणारी माणसं आतमध्ये रोज कसलं भजन चालतं म्हणून हात जोडून पुढं जात.

या मोठ्या बाई म्हणजे आमच्या लेडी सुपरिंटेंडेंट. नाशिककडच्या, मायाळू आणि अतिशय भित्र्या. ड्रिलच्या बाईंना त्या घाबरत, सरकारला घाबरत आणि पालकांना सगळ्यांहून जास्त घाबरत.

ड्रिलच्या बाई शहाद्याकडच्या. वर्गात छापल्यासारखी शुद्ध मराठी बोलत, पण चेंडू उडाला की तोंडून अहिराणीच येई. त्या हा खेळ पुण्याला कसरतीच्या वर्गात शिकल्या होत्या. शिकल्या म्हणजे काय, ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांचं नाव संघात होतं, पण जादा म्हणून. कुणी पडलं, दमलं, तर घ्यायचं. सगळा वर्ग संपेपर्यंत कुणी पडलंही नाही आणि दमलंही नाही. बाई काठावर बाकीच्यांचे पंचे सांभाळत बसून राहिल्या. हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं होतं, पण त्यानंतर आमच्या मैदानावर जादा असं कुणी राहिलं नाही. जेवढ्या मुली येतील तेवढ्यांना त्या आलटून पालटून आत घेत आणि स्वतः मात्र काठावरच उभ्या राहत.

खेळाआधी काचेच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून त्यांवर चिंधी गुंडाळायची असे. हे काम बराच वेळ चाले, आणि तेवढा वेळ ज्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या त्या जरा बाजूला, मोकळे हात घेऊन उभ्या असत. बाईंच्या स्वतःच्या हातातही बांगड्या नव्हत्या. दोनचार दिवस त्यांनी ते बघितलं आणि पाचव्या दिवशी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा ढीग आणून टाकला. बांगड्या असोत नसोत, प्रत्येकीच्या मनगटाला चिंधी बांधलेली पाहिजे, नाहीतर आत पाऊल टाकायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच्याही मनगटाला एक बांधली. मला त्या संध्याकाळचं मैदान अजून लख्ख आठवतं आणि आठवलं की पुन्हा तिथं जाऊन उभं राहावंसं वाटतं.

पण बाईंची खरी अडचण निराळीच होती. आमच्या मुलुखात कुणी कुणाचं काहीच लागत नाही असं होत नाही. चेंडू हातात असलेली मुलगी दुसरीच्या नात्यात निघायचीच, आणि मग दुसरी नुसती समोर उभी राहायची. "ती मन्ही नणंद लागस बाई, तिना हातमाईन कशी हिसकाडू?" असं एकीनं विचारलं तेव्हा बाईंनी टाळ खाली ठेवले आणि मैदानातच बसून घेतलं. त्या रात्री त्यांनी सगळ्यांची नाती खोदखोदून विचारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम नणंदेसमोर भावजय उभी केली, पण नुसती नात्यातली नव्हे, तर जिचं नणंदेशी घरी फाटलं होतं अशी. काय खेळ झाला तो. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्या चेंडूवर निघालं, आणि टाळ वाजले तरी दोघी सोडायला तयार होईनात. बाई काठावर उभ्या राहून इतक्या खूश झाल्या होत्या की त्यांनी हातातले टाळच वर फेकले आणि झेलले.

आणि अशात वरून हुकूम आला, की लढाईमुळे धान्याची टंचाई आहे, संस्थांनी मोकळ्या जागेत भाजीपाला लावावा. मोकळी जागा म्हणजे आमचं मैदान. विहिरीचं सांडपाणीही आयतं तिकडंच जाई. ड्रिलच्या बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा ठरलं होतं ते असं. सुरतेच्या एका कॉलेजच्या मुलींना बोलवायचं आणि गावातल्या मोठ्या मंडळींसमोर सामना करायचा. हरलात तरी चालेल, पण तो सामना दिसला पाहिजे, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. तसं झालं तर त्या वर लिहून मैदान वाचवतील आणि भाजी वसतिगृहामागं लावतील. नाही झालं तर मैदान खणायचं. सामन्यापर्यंत बाईंना धड झोप लागली नसावी. पहाटे उठून त्या मैदान बोटांनी दाबून बघत असायच्या.

सुरतेच्या मुली गाडीतून उतरल्या त्या अगदी छान मुली होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, हसऱ्या, गुजरातीत गोड बोलणाऱ्या. आम्ही त्यांना भरीत-भाकरी खाऊ घातली, पाय धुवायला गरम पाणी दिलं, निजायला आमच्या वाकळी दिल्या आणि आम्ही चटईवर निजलो. आणि इथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी गावची मंडळी खुर्च्यांवर बसली, मुलांच्या हायस्कुलातल्या ड्रिल मास्तरांनी चेंडू उडवला, तो आमच्या मुलीनं झेलला, समोरून सुरतेच्या मुलीनं हात पुढं केला, आणि आमच्या मुलीनं चेंडू तिला दिला. अदबीनं दिला. पाहुणीनं हात पुढं केल्यावर दुसरं काय करणार. नंतर तेच चाललं. त्यांची एक पडली तर आमच्या तिघी खेळ सोडून तिला उठवायला गेल्या, आणि मी, सांगायला लाज वाटत नाही, तिच्या गुडघ्यावर फुंकर घातली. चिंचपाड्याच्या मुलीनं तर मध्येच पाण्याचा तांब्या आणला. बाई काठावरून जीव तोडून ओरडत होत्या, "धर नं, धर. ती पाव्हनी नही शे, ती फॉरवर्ड शे." पण फॉरवर्ड झाली म्हणून काय पाहुणी नव्हे? शेवटी सुरतेच्या मुलींनाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्याही चेंडू परत देऊ लागल्या. "तमे लो." "नही, तुम्ही ल्या." मैदानाच्या मधोमध दोघी एकमेकींना चेंडूचा आग्रह करताहेत आणि ड्रिल मास्तर नियमाचं पुस्तक चाळताहेत, असं ते दृश्य होतं. आमची जी एक टोपली झाली ती अशाच आग्रहातून झाली.

मंडळी हसून हसून बेजार झाली. मोठ्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण संध्याकाळी त्यांनी बाईंना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "फार छान झालं हो. पण तो सामना नव्हता, पाहुणचार होता. मी वर काय लिहू?" पाहुण्यांना स्टेशनवर पोचवायला आम्ही सगळ्या गेलो. गाडी सुटताना त्यांच्यातली सगळ्यात उंच मुलगी खिडकीतून वाकून म्हणाली, "आवता वरसे तमे अमारे त्यां आवजो हं." पुढल्या वर्षी तुम्ही आमच्याकडं या. बाई गाडीबरोबर थोडं चालल्या आणि तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

त्या आम्हाला रागावल्या नाहीत. परत येताना वाटेत त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की आपण हरलो ते यजमान होतो म्हणून. पाहुण्या होऊन गेलो की चेंडू त्या देतील, आपण फक्त टाकायचा. त्यांनी हे गणितासारखं मांडलं आणि आम्हाला ते पटलं. पुढच्याच आठवड्यात मैदान खणलं. आम्हीच खणलं, बागकामाच्या तासाला. बाईंनी कुदळ हातात घेतली नाही, पण कडेकडेनं सुरुवात करायला सांगितली, त्यामुळे मधली जागा बरेच दिवस तशीच राहिली. मग तिथंही वाफे आले. त्या वर्षी वांगी उदंड आली. जेवताना ती पानात पडली की आमच्यातल्या पुष्कळजणी ती कडेला सारत, आणि बाई तर ती खातच नसत. पुढल्या वर्षी लढाईमुळे सुरतेला जायची परवानगी मिळाली नाही. आम्ही पास झालो, खेड्यापाड्यांतल्या शाळांवर गेलो, आणि संघ मोडला.

मला कोरीटची शाळा मिळाली. लग्न झालं, मुलगी झाली, स्वराज्य आलं. बाई आजारी आहेत आणि नंदुरबारात भाच्याकडं असतात असं कळलं, तेव्हा मुलीला कडेवर घेऊन गेले. बाई खाटेवर होत्या, अगदी वाळून गेलेल्या. त्यांनी माझ्या मुलीकडं बघितलंसुद्धा नाही. मी टेकले तशी म्हणाल्या, "सुरतवालीस्नी बलायेल शे आपले. जानं पडी."

मी हो म्हटलं. मग त्यांनी कोण कोण यायचं ते ठरवायला घेतलं. पहिलं नाव ज्या मुलीचं घेतलं ती आदल्याच वर्षी बाळंतपणात गेली होती. बाईंना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. "तिले सांग, काष्टा घट्ट मार म्हना," त्या म्हणाल्या. मी सांगते म्हटलं. वाटेत खायला बांधून घ्यायचं नाही, असंही त्यांनी बजावलं, आपण पाहुण्या आहोत. बोलून दम लागला तेव्हा डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "पाव्हन्या म्हनीसन जासूत, मंग दखजो." पाहुण्या म्हणून जाऊ, मग बघ. मुलगी मांडीवर रडायला लागली होती, बाहेर गाडीवान खोळंबला होता, आणि मला त्या क्षणी सुरतेला जावंसं इतकं वाटलं, की आयुष्यात दुसऱ्या कशासाठी तसं वाटल्याचं आठवत नाही.

बाई त्याच वर्षी गेल्या. शिक्षकांच्या सभेला नंदुरबारात आम्ही दोघीतिघी अजून भेटतो आणि परतीच्या गाडीला एकमेकींना पोचवायला स्टेशनवर जातो. सुरतेची गाडी लागलेली असली की कुणीतरी म्हणतं, एकदा जाऊन यायला हवं, त्यांनी बोलावलंय. आमच्यातलं कुणी हसत नाही. गाडी सुटून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही फलाटावर उभ्या असतो.