तोंड धुऊन दिलेला नमुना

जंतूंची वर्गवारी मी पहिल्यांदा आक्काला समजावून सांगितली, तळेघरला तिच्या पडवीत. तेव्हा मी पुण्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होतो आणि परीक्षेआधीची सुट्टी तिच्या घरी काढत होतो. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच मला वाढवलं होतं. ती नाचणी पाखडत होती, मी मोठ्यानं पाठ करत होतो. जांभळा रंग धरून ठेवतात ते एका गटात, तो सोडून लाल दिसतात ते दुसऱ्या. मग आकार. गोल आणि द्राक्षांसारखे घोसानं राहणारे गळू करतात. गोल पण माळेनं राहणारे घसा धरतात. लाल काड्यांत विषमज्वराचे, आणि जरा वाकडे ते पटकीचे.

"आन् ह्यो येगळा कोन बसलाय?" तिनं वहीतल्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"क्षयाचा. त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, साधा रंग धड लागत नाही. लाल रंग तापवून द्यावा लागतो, आणि मग तो आम्लानंही उतरत नाही. महारोगाचा जंतू त्याच्याच घराण्यातला."

"भावकीच म्हन की," ती म्हणाली आणि सूप आपटलं.

पुढे मला जुन्नरजवळच्या एका लहान दवाखान्यात नोकरी लागली. खोली भाड्याची, शेजार बेताचा. दिवसभर एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात पाहायचं, संध्याकाळी वाचायचं. कित्येक दिवस बोलणं व्हायचं ते फक्त रुग्णांशी: "ही थुंकी आहे. छातीतला बेडका आणा." लोक लाजायचे, पण परत जाऊन आणायचे.

एका हिवाळ्यात आक्का दोन गाड्या बदलून आली. दोन महिने खोकत होती. मी तिला डबी दिली. ती मागच्या नळावर गेली, बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला. मग डबी पदरानं पुसून तिनं माझ्या हातात दिली. आत पाण्यासारखी नितळ थुंकी होती.

"समदी घान नळावर टाकली," ती म्हणाली. "चार डाव चूळ भरली. भावाच्या हातात घान द्यायची व्हय रं?"

दुसऱ्या कुणाला मी परत पाठवलं असतं. तिला म्हणता आलं नाही. मला हवी होती ती घाणच, हे जिनं माझं नाक पुसलं तिला कसं सांगायचं, हे सुचेना. नियमाप्रमाणे तीन नमुने लागत; दुसऱ्या दिवशी सकाळचा आणि त्यानंतरचा तिसराही तिनं तसाच दिला, तसाच मी घेतला. काचा रंगवल्या, नीट पाहिल्या. निळ्या पार्श्वभूमीखेरीज काही नव्हतं, क्षयाची लाल काडी एकही नाही. 'जंतू आढळले नाहीत' असं लिहून मी सही केली. डॉक्टरांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला आणि खोकल्याचं औषध दिलं. तीही खुशीत गेली.

भात काढून झाल्यावर ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. या वेळी मी तिच्याबरोबर दवाखान्यामागे गेलो. "आक्का, खोकून येईल ते डबीतच टाक. धुऊ नको." ती पाठ फिरवून उभी राहिली, मीही.

काच भिंगाखाली ठेवली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, जिथं सरकवावी तिथं.

"घावला का तुझा भावकीतला?" बाकावरून तिनं विचारलं.

"सापडला."

"मग आदी कुटं दडला व्हता?"

"आधीच्या नमुन्यात नव्हता," मी म्हणालो. ते खरं होतं. तिनं मान हलवली. नऊ महिन्यांपूर्वी मी काय केलं, ते तिला सांगायचं मी पुढच्या खेपेवर ढकललं. गोळ्या सुरू झाल्या, पण फुप्फुसं फार खराब झाली होती. पुढची खेप झाली नाही.

आता डबी देताना मी प्रत्येकाबरोबर नळापर्यंत जातो. विशेषतः डोंगरातून आलेल्या बायका आधी तोंड धुवायला वळतात. "मावशी, राहू द्या. मला घाणच पाहिजे," असं म्हटलं की हसतात. मी पाठ फिरवून उभा राहतो, आणि आतून खोकला येईपर्यंत थांबतो.