बाबांची बेल

बाबांना अर्धांगवायू झाला, त्या वर्षी मी अंबरनाथला आनंदनगरमधल्या एका कारखान्यात टेलिफोनची पॅनल जोडत होते. बाबांची उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. डाव्या हाताची बोटं हलायची, पण बटण दाबण्याइतका जोर त्यांत नव्हता. आई स्वयंपाकघरात असली की ते पलंगावर नुसते वाट बघत पडलेले असायचे. म्हणून मी बोट टेकवलं तरी वाजेल अशी बेल करायला घेतली. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून सुटे भाग आणले.

अडलं ते जोडणीपाशी. सोल्डरिंगचा धूर होतो, आणि आईला दमा. पहिल्याच टाक्याला तिला अशी ढास लागली की मी सगळं बंद केलं. मग वायर रॅपिंग करायचं ठरवलं. कारखान्यात आम्ही तेच करायचो. छोट्या अवजाराने पिनेभोवती तार घट्ट गुंडाळायची, धूर नाही की वास नाही.

आमच्या लाइनवरच्या वयस्कर ताईंना बेलचा बोर्ड दाखवला.

"चौकोनी पिनांचं ठीक आहे, त्यांच्या कडा तारेत रुततात," त्या म्हणाल्या. "पण ह्या ट्रान्झिस्टरचे पाय गोल आहेत. गोल पायावर तार धरत नाही गं. तेवढे तीन टाके सोल्डरने इथेच मारून घे, जेवणाच्या सुट्टीत."

"मारते," म्हटलं. पण त्याआधीच एकदा घरी लावून पाहिली, तर बेल वाजली. बाबांनी पत्र्याच्या पट्टीला बोट लावलं, आई आतून धावत आली आणि कितीतरी दिवसांनी बाबा अर्ध्या तोंडाने हसले. टाके राहूनच गेले.

चार-पाच महिन्यांनी एका दुपारी आई मोरीत कपडे धूत होती. बाबा किती वेळ बोट लावत होते कोण जाणे. बेल वाजलीच नाही. शेवटी ते स्वतः उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

मी बोर्ड उघडला. ट्रान्झिस्टरच्या पायावरची तार सैल होऊन गोल फिरत होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तीन टाके मारले. पाच मिनिटंही लागली नाहीत. घरी बेल वाजवून दाखवली.

"बाबा, आता नाही बिघडायची. लावा ना बोट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात चादरीखाली घेतला. त्या पट्टीला त्यांनी पुन्हा कधी बोट लावलं नाही. दोन महिन्यांत ते गेले.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "माझ्या दम्यापायी तू सोल्डर नाही केलंस. माझा खोकला नडला त्यांना."

टाके कारखान्यात मारता आले असते, हे तिला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पुढे ती बदलापूरला आपल्या भावाकडे राहायला गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. मी शेजारी बसलेली असायचे. तसंच मनात धरून तीही गेली.