मामाचा ‘काहून’

पुण्याहून निघताना पर्समध्ये दोन गोष्टी जपून ठेवल्या: कानात घालायचा कापूस आणि डॉक्टरांचा कागद. सेहेचाळिसाव्या वर्षी मला कळले होते, मी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. हे नागपूरच्या बाळामामाला सांगायचे होते, कारण पोरगी मामावर गेली असे सारे आजोळ म्हणायचे. कौतुकाने नव्हे.

स्टेशनाबाहेर ऑटोत बसले तर गाण्यांचा दणदणाट. आवाज कमी करायला सांगितला.

“काहून (का) ताई, डोकं दुखून राहिलं का?”

“हो,” म्हटले. असली खोटी उत्तरे माझ्याकडे तयारच असतात. लहानपणी मीही उठता-बसता ‘काहून’ विचारायची. सासरी त्याला हसले, तेव्हा शब्द सोडला आणि विचारणेही.

मामा विणकर, इतवारीपलीकडे राहतो. शेजारच्या मागावर धागा तुटला तरी त्याला आवाजावरून कळायचे. लग्नातला बँड वाजला की मात्र हाच मामा मागाखाली लपायचा. आता माग नाही. बहात्तरीचा मामा खाटेवर बसून होता. मामीने सांबारवडी (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर) पुढे केली. मामा भिंतीकडे बघत बोलत होता, मीही भिंतीकडेच बघत होते. “इकडे बघून बोल” असे कोणी म्हटले नाही. किती बरे वाटले!

मग मी सांगून टाकले. “मामा, आपण येडे नाही. आपली घडणच अशी हाय. डॉक्टरनं लिहून देल्लं.”

मामाने हातातली वडी ताटलीत परत ठेवली.

“म्हंजे मी मुद्दामून नोतो करत?”

“नाही, मामा.”

“मंग बाबानं मले मारलं काहून वं?”

मामी उठून आत गेली. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली. मामाचा जीव हलका करायला गेले आणि जुनी जखम उघडी करून बसले. माझी मलाच लाज वाटली, रडूही आले.

निघताना त्याने कागद मागितला. “राहू दे माह्यापाशी.”

“त्याच्यावर नाव माझं हाय, मामा.”

“असू दे,” म्हणाला आणि घडी घालून खिशात ठेवला.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी विचारले, “कानात कापूस? कान दुखतो का?”

‘हो’ ओठांवर आलेच होते. “नाही,” म्हटले, “मला आवाज सोसत नाहीत. जन्मापासून.”

बाईंना खरे उत्तर मिळाले. मामाच्या ‘काहून’ला मिळाले नाही.