पेन्सिलीनं लिहिलेली सुट्टी

नातीच्या कंपासपेटीतल्या खोडरबरचा वास आला, की मला माझा जुना वॉर्ड आठवतो. मी नवीनच इन्चार्ज सिस्टर झाले होते. ड्युटीचा तक्ता पेन्सिलीनंच लिहायचा, कारण रोज कुणीतरी कमी असायचं, आणि वर माणूस मागितला की मेट्रन म्हणायच्या, "इन्चार्ज आहात ना, मॅनेज करा." त्या आठवड्यात चितेगावहून येणाऱ्या नर्सची सुट्टी मी तीनदा लिहिली, तीनदा खोडली. सकाळी ती टेबलापाशी आली. "सिस्टर, अम्मीला लई धाप लागलीय. आज तरी जाऊ द्या." मी म्हणाले, "चाळीस पेशंट, आपण दोघी. तुझ्या जागी कुणाला लावू, तूच सांग." तिनं खाली टाकलेल्या गाद्यांपर्यंत नजर फिरवली. "कुणीच नाय," म्हणाली आणि कामाला लागली. दुपारी तिचा भाऊ दारात येऊन नुसता उभा राहिला. अम्मी गेली, हे त्याला सांगावं लागलं नाही. निघताना ती मला म्हणाली, "सहा नंबरची सलाईन संपत आलीय, बघा." मी सलाईन बदलली आणि तिच्या चौकोनात सुट्टी लिहायला बसले, तर खोडून खोडून तिथं कागदाला भोक पडलं होतं. ती सुट्टी कुठं लिहायची, ते मला अजून कळलेलं नाही.